बदनामीचा कायदा : धमकीत ऐकलेला आणि पुस्तकात असलेला

निवडणूक जवळ आली की जळगाव-धुळ्याच्या सभांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘पुरावे द्या, नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा ठोकतो.’ आरोप झालेला नेता वकिलामार्फत नोटीस पाठवतो. आरोप करणारा ‘अशा नोटिसांना मी भीक घालत नाही’ म्हणतो. दोन्ही बातम्या शेजारी-शेजारी छापून येतात. पुढे त्या नोटिशीचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे बदनामीचा कायदा आपल्याकडे धमकी म्हणून घराघरात माहीत आहे, कायदा म्हणून मात्र फार थोड्यांना. पारावर, पानटपरीवर आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्याबद्दल ज्या समजुती पक्क्या झाल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक अर्धवट खऱ्या आहेत, आणि अर्धवट खरी समजूतच माणसाला कोर्टाची पायरी चढायला लावते.

आधी चौकट. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क)ने भाषणस्वातंत्र्य दिलं आणि १९(२)ने त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा सरकारला दिली. त्या निर्बंधांच्या यादीत बदनामी आहे. बदनामी झालेल्या माणसाला दोन वाटा असतात. एक फौजदारी. पूर्वीची भारतीय दंड संहितेची कलमं ४९९ आणि ५००, म्हणजे १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या संहितेत समाजसेवेची शिक्षाही आली. दुसरी वाट दिवाणी, म्हणजे नुकसानभरपाईचा दावा. त्यासाठी वेगळा लिखित कायदा नाही. इंग्लंडकडून आलेल्या आणि आपल्या न्यायालयांनी घडवलेल्या तत्त्वांवर तो चालतो. या दोन वाटांचे नियम एक नाहीत. निम्मा गोंधळ तिथेच आहे.

गैरसमज १ : खोटं बोलणं हाच गुन्हा आहे.

वस्तुस्थिती : नाही. निव्वळ खोटं बोलण्याला आपल्या कायद्यात शिक्षा नाही. खोट्यामुळे कुणाची तरी अब्रू गेली, कुणी फसला, भीती पसरून गुन्हा घडण्याची वेळ आली किंवा दोन समाजांत तेढ निर्माण झाली, तर कायदा मध्ये पडतो.

याचं सर्वांत भीषण उदाहरण धुळे जिल्ह्यातलंच आहे. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून आधीच पसरलेली होती. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि ठेचून मारलं. फेब्रुवारी २०२४मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली. ही शिक्षा खुनाची होती. अफवेसाठी वेगळं कलम आहे (पूर्वीचं ५०५, आता न्याय संहितेचं ३५३), पण त्यात भीती किंवा द्वेष पसरवण्याचा हेतू अथवा तसा संभव दाखवावा लागतो. ‘निरोप खोटा होता’ एवढं पुरत नाही. आणि ती अफवा कुणा एका माणसाच्या नावाने नव्हतीच, त्यामुळे बदनामीचा कायदा तिथे लागूच नव्हता. खोट्याने पाच जीव घेतले, तरी बदनामीच्या कायद्यात ते खोटं बसत नाही. म्हणूनच प्रत्येक खोट्यावर ‘मानहानीची केस’ हे औषध चालत नाही.

मग खोटं काय आणि खरं काय, हे सरकारने ठरवावं का? केंद्र सरकारने २०२३मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून तसा प्रयत्न केला. केंद्राच्या कारभाराविषयीची माहिती खोटी, बनावट किंवा दिशाभूल करणारी आहे का, हे सरकारचाच तथ्यतपासणी कक्ष ठरवणार होता. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांनी त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. जानेवारी २०२४मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांचं एकमत झालं नाही. प्रकरण न्या. अतुल चांदूरकर यांच्याकडे गेलं आणि २० सप्टेंबर २०२४ला त्यांनी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. नागरिकांपर्यंत फक्त खरीच माहिती पोचेल याची जबाबदारी सरकारवर नाही आणि तसा अधिकारही त्याला नाही, असं त्या निकालाचं म्हणणं आहे. खोट्याला आपल्याकडे जे काही संरक्षण आहे, ते अशा आडवाटेने येतं : खोटं चांगलं म्हणून नव्हे, तर ते ठरवण्याची सत्ता एकाच्या हाती देणं त्याहून वाईट म्हणून.

गैरसमज २ : जे खरं आहे ते बोललो, तर कुणी काही करू शकत नाही.

वस्तुस्थिती : दिवाणी दाव्यात हे बरोबर आहे. विधान खरं आहे असं सिद्ध केलं, की भरपाई मागणाऱ्याचा दावा संपतो. फौजदारीत मात्र सत्य एकटं पुरत नाही. कलमाला दहा अपवाद आहेत आणि त्यांतला पहिलाच सांगतो, की विधान खरं हवं आणि ते सांगणं लोकहिताचंही हवं. नगरसेवकाने ठेकेदाराकडून पैसे घेतले, हे खरं असेल तर सांगण्यात लोकहित आहे. शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न का मोडलं, हे खरं असलं तरी चौकात सांगण्यात कुणाचं हित? तिथे ‘पण ते खरंच आहे’ हा बचाव लुळा पडतो.

शिवाय खरं असणं आणि कोर्टात सिद्ध करता येणं यांत अंतर असतं. १८६२चा मुंबईतला ‘महाराज लायबल खटला’ आजही वाचण्यासारखा आहे तो यामुळेच. करसनदास मुळजी यांनी आपल्या ‘सत्यप्रकाश’ पत्रात वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या वर्तनावर लिहिलं. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांचा दावा लावला. करसनदास जिंकले, कारण त्यांच्याकडे नुसता संताप नव्हता, साक्षीदार होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा मान्यवर डॉक्टर साक्षीला उभा राहिला. पारावर जे ‘सगळ्यांना माहीत असतं’, ते सांगायला साक्षीच्या पिंजऱ्यात कोण उभं राहील, हा प्रश्न लिहिण्याआधी विचारायचा असतो.

गैरसमज ३ : विधान खोटं ठरलं की शिक्षा ठरलेलीच.

वस्तुस्थिती : हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि सर्वांत कमी माहीत असलेला. दहापैकी बहुतेक अपवाद सत्यावर नव्हे, सद्भावनेवर उभे आहेत. सरकारी नोकराच्या सार्वजनिक वर्तनावर मत देणं, सार्वजनिक प्रश्नात कुणी कसं वागलं यावर बोलणं, योग्य अधिकाऱ्याकडे तक्रार करणं, स्वतःच्या किंवा लोकांच्या हितासाठी आरोप करणं, दुसऱ्याला सावध करणं : या सगळ्यांत विधान चुकीचं निघालं तरी माणूस सुटू शकतो, जर त्याने ते सद्भावनेने केलं असेल.

पण कायद्यातली सद्भावना म्हणजे मन स्वच्छ असणं नव्हे. योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावनेने केली असं म्हणता येणार नाही, अशी कायद्याची व्याख्या आहे. म्हणजे प्रश्न ‘तुझ्या मनात काय होतं’ हा नाही, तर ‘बोलण्याआधी तू काय तपासलंस’ हा आहे.

हा धडा मराठी पत्रकारितेने जन्मतःच घेतला. ‘केसरी’ जेमतेम वर्षाचा होता. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत आहे आणि त्यामागे संस्थानचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे आहेत, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी केला. त्याला आधार म्हणून बर्व्यांची म्हणून सांगितली जाणारी पत्रं छापली. बर्व्यांनी फिर्याद केली. पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि सूट मिळून एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. त्यांच्या हेतूबद्दल आजही कुणी शंका घेत नाही. सुटकेनंतर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पण कोर्टापुढे प्रश्न हेतूचा नव्हता, पत्रांच्या खरेपणाचा होता.

एकशे सोळा वर्षांनी तेच अण्णा हजारे यांच्या वाट्याला आलं. तेव्हाचे समाजकल्याणमंत्री बबनराव घोलप यांच्यावर त्यांनी भ्रष्टाचाराचे आरोप केले, घोलपांनी बदनामीची फिर्याद केली आणि सप्टेंबर १९९८मध्ये मुंबईच्या महानगर दंडाधिकारी न्यायालयाने अण्णांना तीन महिन्यांची साधी कैद सुनावली. त्यांना येरवड्याला नेलं. लोकक्षोभ झाला आणि सरकारने त्यांना लवकरच सोडलं. पुढच्या वर्षी घोलपांना मंत्रिपद सोडावं लागलं. राजकारणात अण्णा जिंकले, खटल्यात हरले. लोकांचा विश्वास हा पुरावा नव्हे.

गैरसमज ४ : भाषणस्वातंत्र्य आहे, नेत्यांबद्दल काहीही बोलता येतं, अमेरिकेसारखं.

वस्तुस्थिती : अमेरिकेतही ‘काहीही’ बोलता येत नाही, पण तिथली रेषा फार लांब आखलेली आहे. १९६४च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन’ निकालानुसार सरकारी अधिकाऱ्याला भरपाई हवी असेल, तर विधान खोटं होतं आणि बोलणाऱ्याला ते खोटं असल्याचं माहीत होतं किंवा खऱ्याखोट्याची त्याने बेफिकिरी केली, हे अधिकाऱ्यालाच दाखवावं लागतं. २०१२मध्ये तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, आपल्याला लष्करी शौर्यपदक मिळाल्याची थाप मारणाऱ्या माणसाला शिक्षा देणारा कायदाच घटनाबाह्य ठरवला : नुसती थाप म्हणून शिक्षा करता येणार नाही.

आपल्याकडे या विचाराचा एक कवडसा आला. १९९४च्या आर. राजगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या कामाबद्दलच्या विधानासाठी दिवाणी भरपाई मागायची असेल, तर ते सत्याची बेफिकिरी करून केलं होतं हे त्याने दाखवावं. बातमीदाराने वाजवी पडताळणी केली होती एवढं सिद्ध केलं तरी पुरे. सरकार, स्थानिक संस्था यांना तर असा दावा करताच येत नाही. म्हणजे महापालिकेच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल लिहिलं, म्हणून महापालिका भरपाई मागू शकत नाही.

पण हे दिवाणी बाजूचं. फौजदारी बाजू तशीच राहिली. १३ मे २०१६ला सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात न्या. दीपक मिश्रा आणि न्या. प्रफुल्लचंद्र पंत यांनी ४९९-५०० ही कलमं घटनेला धरून असल्याचं सांगितलं. प्रतिष्ठा हा अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि एकाच्या भाषणासाठी दुसऱ्याची अब्रू वेठीला धरता येणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद. ज्या इंग्रजांनी १८६०मध्ये आपल्याला हे कलम दिलं, त्यांनी स्वतःच्या देशात फौजदारी बदनामी २०१०मध्ये रद्द केली. इथे ती नव्या संहितेतही टिकली.

गैरसमज ५ : नाव घेतलं नाही, शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं, ‘अशी चर्चा आहे’ म्हटलं, आता धोका नाही.

वस्तुस्थिती : ‘तालुक्याचे एक दादा, ज्यांच्या सूतगिरणीचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे’ असं म्हटल्यावर ऐकणाऱ्यांना माणूस कळला, तर नाव घेतल्यातच जमा. उपरोधही वाचवत नाही. कायद्यातलंच उदाहरण आहे : ‘तो फार प्रामाणिक माणूस, त्याने घड्याळ काही चोरलं नाही’ असं, चोरी त्यानेच केली हे सुचवायला म्हटलं, तरी ती बदनामी. हात हलवून केलेली खूण, व्यंगचित्र, बनवलेला फोटो, सगळं यात बसतं.

‘चर्चा आहे’, ‘सूत्रांकडून समजतं’ हे शब्दही ढाल नाहीत. दुसऱ्याचा आरोप आपण छापला की तो आपला होतो. मात्र न्यायालयातल्या कामकाजाचं मोठ्या अंशी बरोबर वृत्त देणं हा स्वतंत्र अपवाद आहे. त्यामुळे शब्द मोजून वापरायचे. जळगावच्या घरकुल प्रकरणात ३१ ऑगस्ट २०१९ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह ४८ जणांना दोषी ठरवलं. त्याआधीच्या वर्षांत ‘आरोपी’ हा शब्द बरोबर होता, निकालानंतर ‘विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेले’ हा; आणि अपील दाखल झाल्यावर त्याचा उल्लेख हवा. तालुक्याच्या वार्ताहराला या तीन पायऱ्या पाठ असल्या, की अर्ध्या नोटिसा दारातच थांबतात.

गैरसमज ६ : मी लिहिलं नाही, फक्त फॉरवर्ड केलं. आणि जबाबदारी ग्रुप अ‍ॅडमिनची असते.

वस्तुस्थिती : दोन्ही उलट. कलम ‘करणाऱ्या’इतकंच ‘प्रसिद्ध करणाऱ्या’लाही लागू आहे आणि न्याय संहितेत ‘कोणत्याही रीतीने’ प्रसिद्ध करणं असे शब्द आहेत. फेब्रुवारी २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अरविंद केजरीवाल यांच्या प्रकरणात म्हटलं, की बदनामीकारक मजकूर पुन्हा ट्वीट करणं हीदेखील बदनामी ठरू शकते.

अ‍ॅडमिनचं मात्र वेगळं. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१मध्ये स्पष्ट केलं, की दुसऱ्या सदस्याने काय टाकलं यासाठी, आधीपासून संगनमत असल्याशिवाय, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. पोस्ट टाकण्यापूर्वी ती अडवण्याची सोयच त्याच्याकडे नसते. ‘कुणी आक्षेपार्ह टाकल्यास अ‍ॅडमिनवर गुन्हा’ अशी सूचना निवडणुकीच्या काळात फिरत असते. बदनामीच्या बाबतीत तिला फारसा आधार नाही. आणि बदनामी व्हायला तिसरा माणूस लागतो : एखाद्याला थेट, त्याच्या एकट्याच्या मोबाइलवर, काहीही लिहिलं तर तो दुसरा गुन्हा होऊ शकेल, बदनामी नव्हे.

गैरसमज ७ : पोलिसांत तक्रार दिली की अटक होते, आणि साहेबांची बदनामी झाली तर कार्यकर्त्यांनी केस करायची.

वस्तुस्थिती : बदनामी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. ठाण्यात फार तर ‘एनसी’ नोंदवतात. खरी फिर्याद द्यावी लागते न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, आणि ती ज्याची अब्रू गेली त्या व्यथित व्यक्तीनेच. मंत्री किंवा सरकारी नोकर असेल तर त्याच्या कामाबद्दलच्या बदनामीसाठी सरकारी वकील सत्र न्यायालयात तक्रार करू शकतो, तीही सहा महिन्यांच्या आत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने आणखी एक पायरी घातली : दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणं मांडण्याची संधी द्यायची.

मग कार्यकर्त्यांच्या फिर्यादींचं काय? २०१६मध्ये मुक्ताईनगरचे नेते, तेव्हाचे महसूलमंत्री एकनाथ खडसे यांच्यावर सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी आरोपांची फैर झाडली. त्यानंतर खडसे समर्थकांनी दमानियांविरुद्ध ठिकठिकाणी बदनामीच्या फिर्यादी दिल्या. त्यांपैकी रावेरच्या एका प्रकरणात हजर न राहिल्याने २०१८च्या सुरुवातीला न्यायालयाने अटक वॉरंट काढलं. नेत्याची निंदा म्हणजे अनुयायाची निंदा, हे कायद्याला आपोआप मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२च्या जी. नरसिंहन प्रकरणात सांगितलं आहे, की समूहाची बदनामी झाली म्हणायचं तर तो समूह निश्चित, ओळखता येणारा हवा. ‘सगळे वकील लबाड’ म्हटलं तर एखाद्या वकिलाला फिर्याद देता येत नाही; ‘अमुक गावच्या विकास सोसायटीचे संचालक’ म्हटलं, तर त्यांतल्या प्रत्येकाला देता येईल. पण हा मुद्दा ठरेपर्यंत आरोपीला तारखा कराव्याच लागतात. मुंबईहून रावेर गाठायचं, दिवसभर बसायचं आणि पुढची तारीख घेऊन परतायचं. निकालापेक्षा हे हेलपाटेच जास्त जाच करतात, आणि पुष्कळदा फिर्यादीचा हेतूही तेवढाच असतो.

गैरसमज ८ : सभेत, सभागृहात बोललेलं माफ असतं.

वस्तुस्थिती : विधानसभा आणि विधान परिषदेत आमदाराने केलेल्या भाषणाला अनुच्छेद १९४ने पूर्ण संरक्षण आहे, तो आरोप खोटा असला तरी कोर्टात जाता येत नाही. खोट्या विधानाला इतकं अभेद्य कवच आपल्या कायद्यात फार कमी ठिकाणी आहे. तोच आमदार बाहेर येऊन पत्रकारांसमोर तेच वाक्य बोलला, की कवच गळून पडतं. म्हणून तर ‘हिंमत असेल तर बाहेर येऊन बोला’ असं आव्हान दिलं जातं.

पण हे कवच जिल्हा परिषदेला, महापालिकेच्या महासभेला, ग्रामसभेला लागू नाही. तिथे बोलणाऱ्याला सर्वसाधारण अपवादांवरच भिस्त ठेवावी लागते. ग्रामसभेत उभं राहून ‘रोजगार हमीच्या हजेरीपटात मेलेल्यांची नावं आहेत’ म्हणणाऱ्याने हजेरीपटाची प्रत हातात ठेवावी. प्रचारसभेत तर जास्त जपायला हवं : उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं विधान करणं हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४)खाली भ्रष्ट आचरण आहे, त्यावर निवडून आलेल्याची निवडणूक रद्द होऊ शकते.

गैरसमज ९ : शंभर कोटींचा दावा म्हणजे शंभर कोटी द्यावे लागणार.

वस्तुस्थिती : नोटिशीतला आकडा फुकट असतो. दावा दाखल करताना मात्र मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते (तिला राज्यात कमाल मर्यादा आहे), आणि मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत दावा लावावा लागतो. फौजदारी फिर्यादीला मुदत तीन वर्षांची. नोटिसा अनेक निघतात, दावे थोडे लागतात, ते यामुळे.

तरीही शंभर कोटींचा एक निकाल महाराष्ट्राने पाहिला आहे. सप्टेंबर २००८मध्ये गाझियाबादच्या भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याची बातमी दाखवताना ‘टाइम्स नाऊ’ वाहिनीने न्या. पी. के. सामंता यांच्याऐवजी निवृत्त न्या. पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला, जेमतेम पंधरा सेकंद. वाहिनीने नंतर पट्टी चालवून माफी मागितली. पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने एप्रिल २०११मध्ये शंभर कोटींची भरपाई मंजूर केली. अपील ऐकून घेण्यासाठी उच्च न्यायालयाने वीस कोटी भरायला आणि ऐंशी कोटींची बँक हमी द्यायला सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. आकड्यावर कायदेपंडितांनी खूप टीका केली. खान्देशाला हे सावंत आणखी एका कारणाने आठवतात. २००३मध्ये अण्णा हजारे यांनी चार मंत्र्यांवर केलेल्या आरोपांची, आणि जळगावच्या सुरेश जैन यांनी अण्णांच्या संस्थांवर केलेल्या उलट आरोपांची चौकशी त्यांच्याच आयोगाने केली. अहवाल २००५मध्ये आला. त्या चारांत नंदुरबारचे विजयकुमार गावितही होते. आरोप-प्रत्यारोपांचा निवाडा बदनामीच्या खटल्याबाहेर, दोन्ही बाजूंची कागदपत्रं तपासून होऊ शकतो, याचं ते उदाहरण.

आणि बातमी येण्याआधीच मनाई हुकूम आणता येतो, ही समजूतही तपासून घ्यावी. मार्च २०२४मध्ये ब्लूमबर्ग-झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की सुनावणीआधी प्रसिद्धी रोखणारा आदेश अगदी अपवादाने द्यायचा.

गैरसमज १० : कडक टीका म्हणजे बदनामी.

वस्तुस्थिती : जे काम लोकांसमोर ठेवलं, त्यावर लोकांनी मत द्यायचं असतं. पुस्तक, नाटक, कीर्तन, सभेतलं भाषण, सगळं यात आलं. यावलजवळच्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी आयुष्यभर नामवंत लेखकांच्या पुस्तकांवर जे आसूड ओढले, ते या अपवादात बसतात. रेषा कुठे आहे, हे कायद्याच्या उदाहरणातून दिसतं. ‘पुस्तक मूर्खपणाचं आहे, लेखकाची समज बेताची दिसते’ हे चालेल, कारण मत पुस्तकातून निघालं. ‘पुस्तक असंच असणार, कारण लेखक व्यभिचारी आहे’ हे चालणार नाही, कारण ते पुस्तकाबाहेरून आणलं. कामाकडून माणसाकडे जाता येतं, पण कामात दिसतं तेवढंच.

गैरसमज ११ : असल्या केसमध्ये कुणाला काही होत नाही, झालंच तर माफी मागायची.

वस्तुस्थिती : बदनामीच्या खटल्यात सुरतच्या न्यायालयाने मार्च २०२३मध्ये राहुल गांधींना कमाल म्हणजे दोन वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांची खासदारकी गेली; ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती देताना विचारलं, की कमालच शिक्षा का, याचं कारण निकालात कुठे आहे? २६ सप्टेंबर २०२४ला माझगावच्या न्यायालयाने मेधा सोमय्या यांच्या फिर्यादीवर संजय राऊत यांना पंधरा दिवसांची कैद आणि पंचवीस हजारांचा दंड सुनावला. अपिलासाठी ती शिक्षा तहकूब झाली. तेव्हा ‘काही होत नाही’ हे खरं नाही.

माफी उपयोगी पडते, पण ती समोरच्याने स्वीकारली तर. हा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो : मार्च २०१८मध्ये केजरीवालांनी नितीन गडकरींची लेखी माफी मागितली आणि गडकरींनी खटला मागे घेतला. समोरचा अडून बसला तर माफीने शिक्षा किंवा भरपाई कमी होईल, दोष धुऊन निघणार नाही. टिळक-आगरकरांनाही तिने वाचवलं नाही.

या सगळ्यांतून एक गोष्ट ठळक दिसते. आपण वाद घालतो तो ‘खरं की खोटं’ यावर, आणि कायदा विचारतो ते निराळंच : कुणाबद्दल, कुणासमोर, कशासाठी, आणि बोलण्याआधी काय तपासलं? गावातल्या माणसाने याला घाबरून तोंड बंद ठेवावं, असा याचा अर्थ मुळीच नाही. रेशन दुकानदार धान्य कमी देत असेल, तर तहसीलदाराकडे लेखी तक्रार करणाऱ्याला आठवा अपवाद सांभाळतो. तीच ओळ स्टेटसला ठेवणाऱ्याला तितका सांभाळत नाही. म्हणून आधी माहिती अधिकारातून कागद मिळवा, ज्याच्यावर आरोप आहे त्याला एकदा विचारा, त्याचं उत्तर मजकुरात घ्या, माहिती आणि मत वेगळं ठेवा, आणि हे सगळं केल्याची नोंद तारखेसह जपा. एवढं केल्यावर विधान उद्या चुकीचं ठरलं, तरी कोर्टात सांगण्यासारखं काहीतरी तुमच्याकडे असेल. आणि नोटीस आलीच, तर तिच्यातला आकडा न वाचता आधी तारीख, मग नेमकं कोणतं वाक्य खटकलं आहे ते वाचा. पुष्कळ नोटिशींत ते वाक्यच नसतं.